प्रायमरी डेटाबेस बंद पडला तर स्टँडबायवर कसं जायचं: पहिल्यांदाच ही जबाबदारी आलेल्यांसाठी

नागपुरातल्या छोट्या-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांत डेटाबेस सांभाळायला वेगळा माणूस सहसा नसतो. बॅकएंड लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी गळ्यात ते काम पडतं, आणि स्टँडबाय (मुख्य डेटाबेस, म्हणजे प्रायमरी, गेला तर त्याची जागा घ्यायला ठेवलेली दुसरी प्रत) आधीच्या कुणीतरी उभा करून ठेवलेला असतो. मग नवतपा लागतो, भर दुपारी सर्व्हर रूमचा एसी बसतो, मशीन तापून स्वतःच बंद होतं आणि फोन वाजायला लागतात. हा लेख त्या फोनच्या आधी वाचून ठेवा.

मी धरलेली मांडणी अशी: पोस्टग्रेस १२ किंवा त्यापुढची आवृत्ती, प्रायमरी नागपुरात ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये, स्टँडबाय मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, दोघांमध्ये असिंक्रोनस स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (प्रायमरीवरचे बदल सतत स्टँडबायकडे जातात, पण ते पोहोचायची वाट प्रायमरी बघत नाही). अ‍ॅप क्लाउडवर, त्याच्या आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे कनेक्शन सांभाळणारा मध्यस्थ. (डेटा डोळ्यांसमोर हवा म्हणून प्रायमरी ऑफिसात ठेवणं शहाणपणाचं की नाही, हा वाद वेगळा. बऱ्याच मालकांना तो तसाच हवा असतो.) उदाहरणाला कळमना बाजारातल्या अडत्यांचं बिलिंग घेऊ. मायएसक्यूएल असेल तर कमांड बदलतील, क्रम हाच राहील. कमांडची नावं इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत. नेमकी अक्षरं तुमच्या रनबुकात (ऐन वेळी बघून करायच्या पायऱ्यांच्या टिपणात) हवीत, कारण रात्री दोन वाजता ती आठवत नाहीत.

नवख्याला वाटतं, फेलओव्हर (प्रायमरीचं काम स्टँडबायकडे देणं) म्हणजे प्रमोटची, म्हणजे स्टँडबायला प्रायमरी बनवण्याची, कमांड. ती तर एक ओळ आहे. खरं काम आहे ते जुना प्रायमरी परत उठून लिहायला लागणार नाही याची खात्री करण्याचं. म्हणून पायरी ४ सगळ्यांत लांब आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं चाळा, पण ती पायरी पूर्ण वाचा.

## आधीच जमवून ठेवायचं

- रनबुक, कागदावर. कंपनीचा विकी त्याच डेटाबेसवर चालत असेल तर ऐन वेळी तो उघडणार नाही. एक प्रत ऑफिसात, एक फोनमध्ये.
- स्टँडबायपर्यंत जायचा स्वतंत्र रस्ता. व्हीपीएनचा सर्व्हर नागपूरच्याच रॅकमध्ये असेल, तर रॅकची वीज गेल्यावर तुम्ही मुंबईलाही पोहोचणार नाही. घरच्या इंटरनेटवरून एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा.
- प्रायमरीचा रिमोट कन्सोल (मशीनचा ताबा दुरून घ्यायची सोय). आयलो, आयड्रॅक, जे असेल ते. त्याचा पासवर्ड चालतो का, हे शांतपणी तपासायचं.
- फोन नंबर. निर्णय घेणारा, तो नसेल तर दुसरा, इंटरनेटवाला, यूपीएसवाला, ऑफिसची चावी ज्याच्याकडे असते तो वॉचमन.
- डेटाबेसशी कोण-कोण बोलतं त्याची यादी. अ‍ॅप सोडून ठरल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉन जॉब, रिपोर्ट, अकाउंट्सवाल्यांची ओडीबीसीने जोडलेली एक्सेल, कळमन्यातल्या काउंटरवरचे जुने डेस्कटॉप क्लायंट. आयपी पत्ता थेट कोरलेला कुठे-कुठे आहे, ते या यादीत लिहा.
- स्टँडबायच्या कॉन्फिग फाइली. रेप्लिकेशनमधून टेबलं येतात, युजर आणि त्यांचे पासवर्डही येतात. पण ‘पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ’ (सेटिंग्ज) आणि ‘पीजी एचबीए डॉट कॉन्फ’ (कुणाला जोडू द्यायचं) या फाइली डेटा म्हणून वाहत नाहीत. प्रायमरीवर वर्षभरापूर्वी केलेला बदल स्टँडबायवर नसतो, आणि प्रमोट झाल्यावर अ‍ॅपला दारातूनच परत पाठवलं जातं.

दोन्ही मशीनची ऑपरेटिंग सिस्टीमही एकदा जुळवून बघा. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. एका मशीनवर त्याआधीची आणि दुसऱ्यावर नंतरची आवृत्ती असेल, तर मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स स्टँडबायवर चुकीची उत्तरं देऊ शकतात, आणि तेही कुठलीही एरर न देता. आढळलं तर दोन्हीकडे एकच आवृत्ती आणा. तोवर प्रमोटनंतर ते इंडेक्स पुन्हा बांधायचे, हे रनबुकात लिहा.

## पायरी १: खरंच गेलाय का?

‘डेटाबेस डाउन’ हा निरोप आला म्हणजे डेटाबेस डाउन आहे असं नाही. तीन ठिकाणांहून बघा: अ‍ॅपच्या सर्व्हरवरून, स्टँडबायवरून आणि आपल्या मोबाइलच्या इंटरनेटवरून. तिन्हींकडून पोहोचत नसेल तर ऑफिसातल्या माणसाला रॅकसमोर उभं करा. लाइट आहे का, पंखा फिरतोय का, हे तो सांगेल.

पुढच्या तीन गोष्टींना फेलओव्हर लागत नाही:

‘टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ असं येत असेल तर डेटाबेस जिवंत आहे, कनेक्शन संपली आहेत. अडकलेली सेशन मारा.

‘द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’ असं येत असेल तर तो क्रॅशनंतर स्वतःला सावरतोय. लॉग बघा, पुढे सरकत असेल तर थांबा. मधेच किल करून पुन्हा सुरू केलात तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करेल.

डिस्क भरली असेल तर आधी रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायसाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) तपासा. वॉल म्हणजे प्रत्येक बदल नोंदवणारा लॉग. कुणीतरी प्रयोग म्हणून बनवलेला आणि विसरलेला स्लॉट वॉलच्या १६-१६ एमबीच्या फाइली साठवत बसतो. असा अनाथ स्लॉट काढून टाकला की जागा मोकळी होते. पण पीजी-वॉलच्या फोल्डरात शिरून फाइली हाताने कधीही उडवू नका. जागा होईल, डेटाबेस उठणार नाही.

आणि फक्त नागपूर-मुंबई लिंक तुटली असेल तर? तेव्हा तर अजिबात घाई नको. गिटहबचं २१ ऑक्टोबर २०१८ चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधलं नेटवर्क अवघं ४३ सेकंद तुटलं होतं. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावर फेलओव्हर केला, दोन्ही बाजूंना एकमेकांकडे न पोहोचलेला डेटा तयार झाला, आणि सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

## पायरी २: निर्णय कोणाचा?

तुमचा एकट्याचा नाही. किती मिनिटं बंद चालेल आणि किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, हे दोन आकडे मालकाकडून आधीच लेखी घेऊन ठेवा. ‘एकही सेकंद नको आणि एकही बिल जायला नको’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्यावर खर्चाचा आकडा समोर ठेवला की मग खरं उत्तर येतं.

व्यवहारात प्रश्न साधा असतो: प्रायमरी परत येण्याचा भरवशाचा अंदाज कुणी देऊ शकतं का? महावितरणचा फॉल्ट तासाभरात निघेल असं खात्रीने कळलं आणि बाजार बंद व्हायची वेळ असेल, तर थांबणंच परवडतं. एसीचा कॉम्प्रेसर जळला असेल आणि मेकॅनिक ‘उद्या पाहू’ म्हणत असेल, तर निघा. निर्णय झाला की वेळ लिहून ठेवा, ग्रुपवर एक ओळ टाका, आणि त्यानंतर कमांड एकच माणूस चालवेल. दुसऱ्याने त्याच्या खांद्यावरून स्क्रीन वाचायची.

## पायरी ३: स्टँडबाय किती मागे आहे?

स्टँडबायवर तीन फंक्शन चालवा: शेवटचा मिळालेला एलएसएन (वॉलमधली जागा दाखवणारा आकडा), शेवटचा लागू झालेला एलएसएन आणि शेवटच्या व्यवहाराची वेळ. पहिल्या दोनांतल्या फरकाची काळजी नको. आलेला पण लागू न झालेला वॉल स्टँडबाय प्रमोट होण्याआधी संपवतो. जे नागपूरहून निघालंच नाही, ते मात्र गेलं. तो आकडा स्टँडबायवरून कळत नाही. मॉनिटरिंगच्या ग्राफवर प्रायमरीचा शेवटचा एलएसएन असेल तर त्यावरून अंदाज येतो.

तिसऱ्या फंक्शनमध्ये एक फसगत आहे. पहाटे बाजार उघडण्याआधी कुणी काही लिहीतच नसतं, म्हणून ‘शेवटचा व्यवहार ४० मिनिटांपूर्वी’ असं दिसतं आणि नवखा माणूस घाबरतो. लॅग शून्य असतो, फक्त काम नव्हतं.

इथे हमखास विचारलं जातं की सिंक्रोनस रेप्लिकेशन का नाही लावायचं, म्हणजे काही हरवणारच नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई केबल ८०० किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन किमान ८ मिलिसेकंद झाले, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) तेवढं थांबणं बिलिंगला चालूनही जाईल. पण एकुलता एक स्टँडबाय सिंक्रोनस केला आणि तो बंद पडला, तर नागपूरचा धडधाकट प्रायमरीसुद्धा कमिटवर अडकून बसतो. दोन स्टँडबाय नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

## पायरी ४: जुन्या प्रायमरीला बांधून ठेवा

आपल्याकडे मशीन मरण्यापेक्षा झोपून उठण्याचं प्रमाण जास्त आहे. वळवाचा पाऊस येतो, फीडर ट्रिप होतो, यूपीएस संपतं. तुम्ही मुंबईला प्रमोट करून मोकळे होता आणि दीड तासाने नागपुरात लाइट येते. बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर चालू हो’ असं सेट असतं, सिस्टीमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) पोस्टग्रेसला आपोआप उठवतं. त्या बिचाऱ्याला काय माहीत की आता तो प्रायमरी राहिलेला नाही! काउंटरवरचे आयपी कोरलेले डेस्कटॉप क्लायंट त्याला जोडले जातात आणि बिलं फाडायला लागतात. क्लाउडवरचं अ‍ॅप तेव्हा मुंबईत लिहीत असतं. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. दुकानात एकाच क्रमांकाच्या दोन रोखवह्या चालू झाल्या तर जे होईल, तेच इथे होतं: ४५१२ नंबरचं बिल दोन वेगवेगळ्या अडत्यांच्या नावे, आणि दोन्ही खरी. दोन डेटाबेस पुन्हा एकत्र करणारी कमांड नाही. ते माणसांनी बसून, एकेक ओळ बघून करायचं काम आहे.

म्हणून प्रमोटच्या आधी हे करा. वरची गोष्ट जमली तर उत्तम, नाहीतर खालची:

मशीन चालू आहे आणि तुम्ही आत जाऊ शकता. मग पोस्टग्रेस ‘फास्ट’ मोडमध्ये बंद करा, ‘इमिजिएट’मध्ये नाही. नीट बंद होताना प्रायमरी उरलेला वॉल जोडलेल्या स्टँडबायला पाठवतो आणि मगच थांबतो, त्यामुळे लिंक शाबूत असेल तर काहीच हरवत नाही. त्यानंतर सिस्टीमडीची सर्व्हिस ‘मास्क’ करा. ‘डिसेबल’ पुरेसं नाही, कारण मागाहून कुणीतरी हाताने ‘स्टार्ट’ म्हणतोच.

आत जाता येत नाही, पण रिमोट कन्सोल लागतो. तिथून पॉवर ऑफ करा, आणि वीज आल्यावर काय करायचं ते सेटिंग ‘बंदच राहा’वर टाका.

काहीच लागत नाही, पण ऑफिसात माणूस आहे. केबल काढायला सांगा: आधी नेटवर्कची, मग पॉवरची. इथे लेबलं कामी येतात. फोनवरचं बोलणं साधारण असं होतं:

“भाऊ, पिवळी पट्टी लावलेली मशीन दिसते का?”

“पिवळ्या तर दोन दिसून राह्यल्या साहेब.”

“काहीच काढू नका. दोन्हींच्या पट्टीवरचं मला वाचून दाखवा.”

पट्टीवर ‘डीबी प्रायमरी’ असं लिहिलेलं नसावं, कारण आजनंतर ते खोटं ठरेल. मशीनचं कायमचं नाव लिहा, पुढून आणि मागूनही. केबल मागच्या बाजूला असते आणि लेबल पुढे, हा प्रकार फार ठिकाणी बघितला आहे.

ऑफिसात कुणीच नाही, काहीच लागत नाही. मग बाकी जगाला त्याच्यापासून तोडा. फायरवॉलवर त्या आयपीचं ५४३२ (पोस्टग्रेसचं) पोर्ट बंद करा, पीजीबाउन्सरमधून त्याचं नाव काढा. पण ऑफिसच्या लॅनमधले क्लायंट या मार्गाने तुटत नाहीत. वॉचमनला फोन करून रॅकचा एमसीबी खाली पाडून घ्या आणि ‘मी सांगेपर्यंत वर करायचा नाही’ असं कागदावर लिहून तिथेच चिकटवायला सांगा.

यातलं एकही जमलं नाही तर? माझं मत स्पष्ट आहे: प्रमोट करू नका, माणूस ऑफिसला पाठवा. हिंगण्याहून असो की मनीषनगरातून, रात्रीच्या रस्त्याला अर्धा-पाऊण तास धरा. दोन वह्या जुळवण्यापेक्षा तो स्वस्तात पडतो.

## पायरी ५: प्रमोट

आधी होस्टनेम वाचा, मोठ्याने. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला रेप्लिकेशन दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरऐवजी प्रायमरीवरचं डेटा फोल्डर पुसलं गेलं होतं आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. दोन्ही टर्मिनलचे रंग वेगळे ठेवा.

मग स्टँडबायवर ‘पीजी-प्रमोट’ फंक्शन चालवा. ते डीफॉल्टने ६० सेकंद वाट बघतं आणि झालं की ‘ट्रू’ म्हणतं. लॉगमध्ये ‘सिलेक्टेड न्यू टाइमलाइन आयडी’ अशी ओळ दिसली पाहिजे. ‘पीजी-इज-इन-रिकव्हरी’ विचारा, उत्तर ‘फॉल्स’ यायला हवं. एक चाचणीचं टेबल ठेवलेलं असेल तर त्यात एक ओळ लिहून बघा.

जुन्या लेखांत ट्रिगर फाइल बनवायला सांगितलेलं असतं. आवृत्ती १६ पासून ती सोयच काढून टाकली आहे.

## पायरी ६: अ‍ॅप वळवा

पीजीबाउन्सरमध्ये होस्ट बदलून रीलोड करा, जुनी कनेक्शन तुटली का बघा. डीएनएसवर अवलंबून असाल तर रेकॉर्डची टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आधीच लहान हवी; ऐन वेळी कमी केलेली टीटीएल जुनी संपल्यावरच लागू होते. जावा अ‍ॅप स्वतःचंही डीएनएस लक्षात ठेवतं, त्यामुळे ते सरळ रीस्टार्ट करणं बरं.

त्याहून चांगला उपाय कनेक्शन स्ट्रिंगमध्येच आहे. लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) वापरणाऱ्या क्लायंटना आवृत्ती १० पासून एकाहून जास्त होस्ट देता येतात आणि ‘टार्गेट सेशन अ‍ॅट्रिब्यूट्स’ला ‘रीड-राइट’ सांगता येतं. मग जो लिहू देईल त्यालाच क्लायंट जोडला जातो. पण जुना प्रायमरी उठलेला असेल तर तोही लिहू देतोच. म्हणजे पायरी ४ यातून सुटत नाही.

आता ती यादी काढा आणि एकेक नाव खोडत जा: क्रॉन, रिपोर्ट, एक्सेल, काउंटर.

## पायरी ७: पहिला तास

पहिली तक्रार येईल ‘स्लो आहे’. नव्या प्रायमरीची कॅश (मेमरीत हाताशी ठेवलेला डेटा) थंड असते; वापर वाढेल तशी ती भरते.

दुसरा फोन अकाउंट्सवाल्यांचा. सीक्वेन्सचे (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीचे) आकडे वॉलमध्ये ३२-३२ च्या गठ्ठ्याने आधीच नोंदवले जातात, त्यामुळे फेलओव्हरनंतर बिल नंबर मधेच उडी मारतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचे क्रमांक सलग हवेत, म्हणून तिकडे घबराट होते. कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत, किती वाजता, कशामुळे, हे त्याच दिवशी मेलवर लेखी देऊन टाका. बिल नंबर थेट सीक्वेन्समधून घेणं हीच मुळात चूक आहे, पण ती चर्चा त्या दिवशी काढू नका.

तिसरं काम हरवलेले व्यवहार शोधण्याचं. शेवटच्या काही मिनिटांतल्या यूपीआय पावत्या आणि काट्याच्या चिठ्ठ्या नव्या डेटाबेसशी ताडून बघा. ‘अनलॉग्ड’ (वॉलमध्ये नोंद न होणारी) टेबलं रेप्लिकेट होत नाहीत, ती रिकामीच मिळतील. वॉलचं आर्काइव्ह मुंबईहून नीट जातंय का ते तपासा. पाथ नागपूरच्या एनएएसचा (नेटवर्कवरच्या स्टोरेजचा) असेल तर जात नसणार. आणि लगेच नवा बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) लावा, कारण आता तुमच्या मागे स्टँडबाय नाही.

## पायरी ८: जुना प्रायमरी परत रांगेत आणा

लाइट आली, एसी लागला, आता ते मशीन नव्या प्रायमरीचा स्टँडबाय करायचं. नेटवर्कची केबल काढलेलीच ठेवून उठवा आणि सर्वात आधी जुनं डेटा फोल्डर बाजूला कॉपी करा. न पोहोचलेली बिलं फक्त तिथेच आहेत. ‘पीजी-रिवाइंड’ (जुन्या प्रायमरीचा डेटा नव्याशी जुळवणारं साधन) चालवलं की ती पुसली जातात, आणि घाईत नेमकं हेच होतं.

कॉपी झाल्यावर केबल लावा, पण फायरवॉलमधून फक्त मुंबईचा रस्ता उघडा, आणि रिवाइंड चालवा. त्यासाठी ‘वॉल-लॉग-हिंट्स’ किंवा डेटा चेकसम आधीपासून चालू असावे लागतात. नसतील तर अख्खा बेस बॅकअप पुन्हा ओढावा लागेल: २०० जीबी डेटा आणि १०० एमबीपीएसची लिंक असेल तर साडेचार तासांच्या आसपास, तेही लिंक पूर्ण मिळाली तर. ‘स्टँडबाय डॉट सिग्नल’ (हे मशीन स्टँडबाय आहे असं सांगणारी) फाइल आणि नव्या प्रायमरीचा पत्ता तपासल्याशिवाय पोस्टग्रेस सुरू करू नका. नव्या प्रायमरीवर स्लॉट हाताने बनवावा लागतो, जुना इकडे येत नाही. आवृत्ती १३ पासून स्लॉटने किती वॉल अडवावा याला मर्यादा घालता येते, ती घालाच.

नागपूरला परत कधी जायचं? लगेच नाही. बाजार बंद असेल त्या दिवशी, ठरवून, पायरी ४ मधल्या पहिल्या पद्धतीने.

## पायरी ९: सराव, आणि ऑटोमॅटिकचा मोह

दरवर्षी मार्चमध्ये, ऊन वाढायच्या आत, एक ठरवून केलेला स्विचओव्हर करा. रनबुक ज्याने लिहिलं त्याने नाही, सगळ्यात नव्या माणसाने करायचा. तो जिथे अडेल तिथे रनबुक दुरुस्त करा.

असा एकदा पार पडला की कुणीतरी पॅट्रोनी (फेलओव्हर आपोआप करणारं साधन) लावू म्हणतो. साधन चांगलं आहे. पण कोण जिवंत आहे हे ते एटसीडीसारख्या यंत्रणेतल्या मशीनच्या मतदानावर ठरवतं आणि मतदानाला बहुमत लागतं. नागपुरात दोन आणि मुंबईत एक मत ठेवलं, तर नागपूरची वीज गेल्यावर मुंबई एकटी पडते आणि पॅट्रोनी काहीच करत नाही. तिसरं मत तिसऱ्या शहरात हवं. हैदराबाद किंवा पुण्याला एक छोटं क्लाउड मशीन पुरतं. त्यावर डेटाबेस नाही ठेवला तरी चालतो.